लिनक्सवर शेअर्ड लायब्ररींच्या आवृत्त्या कशा सांभाळायच्या: एसओनेमपासून सिम्बॉलपर्यंत

सिस्टिम अपडेट केली आणि कालपर्यंत नीट चालणारा प्रोग्राम आज सुरूच होत नाही, अशी तक्रार आली की पहिला सल्ला ठरलेला असतो: "जी लायब्ररी सापडत नाही त्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) टाक, चालेल." बहुतेक वेळा हा सल्ला चुकीचा असतो. शेअर्ड लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्राम वाटून वापरतात ती कोडची फाइल. तिच्या नावातले आकडे माणसांच्या सोयीसाठी असतात. लोडरला, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणाऱ्या भागाला, त्यांच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तो बघतो ते फाइलच्या पोटात लिहिलेलं नाव आणि प्रत्येक सिम्बॉलवरचा (लायब्ररीतल्या फंक्शनच्या किंवा व्हेरिएबलच्या नावावरचा) आवृत्तीचा शिक्का. त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्याआधी आत काय लिहिलंय ते वाचायची सवय लावून घ्यावी लागते. या लेखाचा पहिला भाग सिस्टिम सांभाळणाऱ्यांच्या कामाचा आहे आणि नंतरचा बराचसा भाग स्वतः लायब्ररी लिहिणाऱ्यांच्या.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायची.

पायरी 1: एका लायब्ररीची तीन नावं ओळखा

उदाहरणासाठी 'मोजणी' नावाची एक काल्पनिक लायब्ररी घेऊ. डिस्कवरची खरी फाइल लिबमोजणी.एसओ.1.2.3. तिच्या आत एसओनेम म्हणून नोंदवलेलं नाव लिबमोजणी.एसओ.1. आणि कंपाइल करताना लिंकर (प्रोग्रामचे भाग एकत्र जोडणारं साधन) शोधतो ते नाव नुसतं लिबमोजणी.एसओ. शेवटची दोन्ही नावं डिस्कवर सहसा सिमलिंक म्हणून असतात.

ही नावं कोण कधी वापरतं, हे महत्त्वाचं. तुम्ही 'डॅश एल मोजणी' असं देऊन प्रोग्राम बांधता तेव्हा लिंकर लिबमोजणी.एसओ उघडतो, तिच्या आतला एसओनेम वाचतो आणि तोच प्रोग्रामच्या 'नीडेड' यादीत लिहून ठेवतो. म्हणजे प्रोग्रामला 1.2.3 वगैरे काहीच माहीत नसतं. त्याला हवी असते 'लिबमोजणी.एसओ.1 म्हणवून घेणारी कुठलीही फाइल'. एसओनेममधला 1 म्हणजे लायब्ररीच्या लेखकाने दिलेला शब्द: हा आकडा बदलत नाही तोवर जुने प्रोग्राम पुन्हा कंपाइल न करता चालतील. शब्द पाळला गेला नाही तर लोडरला ते कळायचा मार्ग नाही.

तिसरं नाव फक्त डेव्हलपरच्या मशीनवर लागतं. म्हणूनच डेबियन आणि फेडोरासारख्या डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या तयार संचांमध्ये) ते वेगळ्या डेव्हलपमेंट पॅकेजमध्ये असतं. डेबियनमध्ये तर एसओनेमचा आकडा पॅकेजच्याच नावात येतो (लिबएसएसएल1.1, लिबएसएसएल3), त्यामुळे दोन एसओनेमची पॅकेजेस एकमेकांच्या पायात न येता एकत्र नांदू शकतात. रचना कंटाळवाणी वाटते, पण सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे.

पायरी 2: कोणाला काय हवंय ते वाचा

मुख्य हत्यार रीडएल्फ. प्रोग्रामवर 'रीडएल्फ डॅश डी' चालवलं की डायनॅमिक विभाग दिसतो. त्यातल्या 'नीडेड' ओळी म्हणजे थेट हव्या असलेल्या लायब्ररी. लायब्ररीवर तीच आज्ञा चालवली की 'एसओनेम' ओळ दिसते. अडचण कुठलीही असो, सुरुवात या दोन वाचनांनी करायची. नीडेडमध्ये एक नाव आणि फाइलच्या एसओनेममध्ये दुसरं असेल तर गुन्हेगार तिथेच सापडतो.

बरेच जण थेट एलडीडीकडे धावतात. एलडीडी सोयीचं आहे, पूर्ण साखळी आणि प्रत्येक नाव कुठल्या फाइलला जाऊन मिळालं ते दाखवतं. पण ते लोडरलाच कामाला लावून ही माहिती काढतं, आणि काही परिस्थितीत तपासायला दिलेला प्रोग्राम खरोखर चालू शकतो. बाहेरून आलेल्या, भरवसा नसलेल्या फाइलवर एलडीडी चालवू नका. तिथे रीडएल्फ किंवा 'ऑब्जडंप डॅश पी' पुरेसं आहे. दोन्ही फक्त फाइल वाचतात.

सिम्बॉल बघायचे असतील तर 'ऑब्जडंप' ला मोठा टी द्या. प्रत्येक सिम्बॉलसमोर त्याची आवृत्ती दिसते, उदाहरणार्थ जीलिबसी_2.14 (जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी). प्रोग्रामच्या यादीत जीलिबसीची सर्वांत मोठी आवृत्ती कोणती आहे ते शोधलं की तो किमान कुठल्या जीलिबसीवर चालेल ते कळतं. तंटा जीलिबसीचा असेल तर या एका आकड्यावर पुष्कळदा निकाल लागतो.

पायरी 3: लोडर कुठे शोधतो, तो क्रम पाठ करा

नीडेडमधलं नाव हातात आल्यावर लोडर ठरलेल्या क्रमाने शोध घेतो. आधी आरपाथ, पण फाइलमध्ये रनपाथ नसेल तरच (दोन्ही म्हणजे फाइलच्या आतच लिहिलेले शोधाचे मार्ग). मग एलडी_लायब्ररी_पाथ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. मग रनपाथ. मग /ईटीसी/एलडी.एसओ.कॅश ही तयार अनुक्रमणिका. आणि शेवटी /लिब, /यूएसआर/लिब यांसारख्या ठरलेल्या जागा.

आरपाथ आणि रनपाथ यांतला फरक फार छळतो. आरपाथ प्रोग्रामच्या पूर्ण साखळीला लागू होतो, म्हणजे लायब्ररीला लागणाऱ्या लायब्ररीलाही. रनपाथ फक्त थेट नीडेडपुरता. तुमचा प्रोग्राम लिब'अ' मागतो, लिब'अ' लिब'ब' मागते, दोन्ही फाइली तुमच्या खासगी फोल्डरमध्ये आहेत आणि रनपाथ फक्त प्रोग्रामवर आहे: 'अ' सापडेल, 'ब' सापडणार नाही. बऱ्याच डिस्ट्रोंचा लिंकर आजकाल न सांगता रनपाथच लिहितो, त्यामुळे जुन्या लेखांतली कृती जशीच्या तशी केली तरी निकाल वेगळा येतो. इलाज साधा आहे: 'अ' वरही रनपाथ द्या, आणि तो 'डॉलर ओरिजिन' (फाइल स्वतः जिथे आहे ते फोल्डर) वापरून द्या, म्हणजे फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं तरी चालेल.

एलडी_लायब्ररी_पाथ हे चाचणीचं साधन आहे. लॉगिन स्क्रिप्टमध्ये ते कायमचं घालून ठेवणं म्हणजे त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या शोधक्रमात ढवळाढवळ करणं. शिवाय सेटयूआयडी (फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) प्रोग्रामसाठी लोडर ते सुरक्षेच्या कारणाने बाजूलाच टाकतो, त्यामुळे नेमक्या तिथेच ते चालत नाही. कायमची जागा द्यायची असेल तर /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये छोटी फाइल टाकून एलडीकॉन्फिग चालवा; तो वरची कॅश आणि एसओनेमच्या सिमलिंक ताज्या करतो.

कुठली फाइल का निवडली गेली हे कळत नसेल तर एलडी_डीबग=लिब्स ठेवून प्रोग्राम चालवा. लोडर शोधाचं एकेक पाऊल छापतो. 'बाइंडिंग्ज' दिलं तर कुठला सिम्बॉल कुठल्या फाइलशी जुळला तेही छापतो. छापील मजकूर भरपूर येतो, पण अंदाजांवर वाया जाणारी दुपार वाचते.

पायरी 4: चुकीबद्दलचा संदेश नीट वाचा, कारण आजार चार वेगळे आहेत

पहिला संदेश: 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. हव्या त्या एसओनेमची फाइल शोधाच्या मार्गात कुठेच नाही. पॅकेज बसलेलं नाही, कॅश ताजी केलेली नाही किंवा एसओनेम बदलून पुढे गेलाय.

दुसरा: 'व्हर्जन अमुक नॉट फाउंड'. फाइल सापडली, एसओनेम बरोबर आहे, पण प्रोग्रामला हव्या असलेल्या आवृत्तीचा शिक्का तिच्यात नाही. प्रोग्राम नव्या लायब्ररीवर बांधलाय आणि तुमच्याकडची जुनी आहे, हे बहुतेक वेळचं कारण.

तिसरा: 'सिम्बॉल लुकअप एरर, अनडिफाइन्ड सिम्बॉल'. ज्या लायब्ररीत आवृत्त्यांचे शिक्केच नाहीत तिथे हा जास्त दिसतो. तो प्रोग्राम सुरू होताना येईलच असं नाही. लोडर फंक्शनांची जुळणी आळसाने, पहिल्यांदा बोलावल्यावर करत असेल तर प्रोग्राम दोन तास नीट चालतो आणि कोणीतरी एक मेनू दाबल्यावर मरतो. एलडी_बाइंड_नाउ=1 ठेवून प्रोग्राम सुरू केला तर अशी फंक्शनं सुरुवातीलाच उघडी पडतात. 'एलडीडी डॅश आर' हेच काम प्रोग्राम न चालवता करतं, अर्थात ओळखीच्या फाइलवर.

चौथ्या आजारात संदेशच नसतो. प्रोग्राम चालतो, पण आकडे चुकतात किंवा भलत्याच जागी तो कोसळतो. हा सर्वांत वाईट, आणि त्याचं उगमस्थान पायरी 7 मध्ये येईल.

पायरी 5: जुनी लायब्ररी हवी असेल तर

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं उदाहरण घ्या, कारण ते अनेकांच्या वाट्याला आलं. सप्टेंबर 2021 मध्ये 3.0 आलं आणि एसओनेम लिबएसएसएल.एसओ.1.1 वरून लिबएसएसएल.एसओ.3 झाला. उबुंटू 22.04 मध्ये फक्त नवीच आवृत्ती होती. 1.1 वर बांधलेले प्रोग्राम पहिला संदेश देऊन थांबले आणि लोकांनी 1.1 नावाची सिमलिंक 3 कडे वळवली. त्यावर लोडर दुसरा संदेश देतो: ओपनएसएसएल_1_1_0 ही आवृत्ती सापडली नाही. हे नशीब म्हणायचं. शिक्के नसलेल्या लायब्ररीत तीच सिमलिंक 'चालली' असती आणि चौथा आजार घरात आला असता.

मग करायचं काय? पसंतीच्या क्रमाने सांगतो. सोर्स हाताशी असेल तर नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधा. नसेल तर प्रोग्राम देणाऱ्याची नवी आवृत्ती बघा. तीही नसेल तर डिस्ट्रोचं अधिकृत कम्पॅट पॅकेज (जुनी लायब्ररी देणारं) आहे का शोधा. काहीच नसेल तर जुनी लायब्ररी त्या एका प्रोग्रामच्या खासगी फोल्डरमध्ये ठेवा आणि पॅचएल्फने (तयार फाइलच्या आतल्या अशा नोंदी बदलणारं साधन) त्याच्यावर रनपाथ लिहा, किंवा सगळं जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये चालवा. दुसऱ्या डिस्ट्रोचं पॅकेज ओढून थेट /यूएसआर/लिब मध्ये टाकणं शेवटच्या क्रमांकावरही नाही; ते यादीतूनच काढा.

खासगी प्रत ठेवली की तिची सुरक्षा तुमच्या गळ्यात पडते. ओपनएसएसएल 1.1.1 चा सार्वजनिक आधार 11 सप्टेंबर 2023 ला संपला, तेव्हा ती प्रत नेटवर्कला तोंड देत असेल तर हा उपाय तात्पुरताच समजा आणि कधी काढायचा ती तारीख ठरवून ठेवा.

आणखी एक खोच आहे. प्रोग्रामला 1.1 हवी आणि त्याच्या एखाद्या लायब्ररीला 3 हवी, तर दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये येतात. शिक्के असल्याने सिम्बॉल सहसा एकमेकांत मिसळत नाहीत, पण 1.1 ने बनवलेला ऑब्जेक्ट 3 च्या फंक्शनला दिला की खेळ संपला. अशा जागी पॅचएल्फ किंवा सिमलिंक काही कामाची नाही, पुन्हा बांधण्यावाचून गत्यंतर नाही.

पायरी 6: नवी फाइल बसवताना

हाताने बांधलेली लायब्ररी जागेवर ठेवताना 'सीपी' ने जुन्या फाइलवर लिहू नका. चालू प्रोसेसनी ती फाइल मेमरीत मॅप केलेली असते. सीपी तीच फाइल आधी रिकामी करून मग भरते, त्यामुळे चालू प्रोग्रामच्या पायाखालचा कोड बदलतो आणि ते बस एरर किंवा सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडतात. चालू प्रोग्रामच्या फाइलवर लिहायला गेलात तर कर्नल 'टेक्स्ट फाइल बिझी' म्हणून अडवतो. लायब्ररीला हे कवच नाही. म्हणून नवी फाइल त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने लिहा आणि 'एमव्ही' ने जागेवर आणा. नाव एका झटक्यात बदलतं आणि जुन्या प्रोसेस जुन्या फाइलवर शांतपणे चालू राहतात. पॅकेज मॅनेजर हेच करतो.

जुनी प्रत हाताशी असावी म्हणून लिबमोजणी.एसओ.1.2.3.ओल्ड असं नाव देऊन तिथेच ठेवण्याची सवय घातक आहे. एलडीकॉन्फिग नावाची धाटणी बघतो आणि आतला एसओनेम वाचतो. ती ओल्ड प्रतही 'लिबमोजणी.एसओ.1' म्हणवून घेते, आणि पुढच्या वेळी सिमलिंक तिच्याकडेच वळू शकते. तुम्ही बसवलेली दुरुस्ती गायब, आणि कोणी काही केलेलं नाही! प्रत ठेवायची तर लायब्ररीच्या फोल्डरांबाहेर.

बसवून झालं म्हणजे काम झालं असंही नाही. आधीपासून चालू असलेल्या सर्व्हिस जुना कोडच वापरत असतात, सुरक्षेची दुरुस्ती असेल तरीही. /प्रॉक मधल्या प्रोसेसच्या 'मॅप्स' फाइलमध्ये लायब्ररीच्या नावापुढे 'डिलीटेड' दिसलं की ती प्रोसेस जुन्या फाइलवर आहे. डेबियन-उबुंटूवर नीडरीस्टार्ट हे काम आपोआप करतं.

पायरी 7: लायब्ररी तुमची असेल तर काय मोडतं ते समजून घ्या

समजा मोजणीच्या हेडरमध्ये एक स्ट्रक्ट आहे, दोन इंट: एकूण आणि नग. आकार 8 बाइट. प्रोग्राम हा स्ट्रक्ट स्वतःच्या स्टॅकवर घेतो आणि पत्ता मोजणी_सुरू या फंक्शनला देतो. ते फंक्शन सगळं शून्य करतं. पुढच्या आवृत्तीत तुम्ही शेवटी तिसरा इंट घातला, सरासरी. एपीआय तसाच, जुना सोर्स एक अक्षर न बदलता कंपाइल होतो. पण आधीच बांधलेल्या प्रोग्रामने 8 बाइटच राखून ठेवलेत, आणि नवी लायब्ररी 12 बाइट शून्य करते. ते जादा 4 बाइट कोणाचे, हे कंपायलरने शेजारी काय ठेवलंय त्यावर. तिथे फाइल डिस्क्रिप्टर असेल तर त्याचा शून्य होतो, शून्य म्हणजे स्टँडर्ड इनपुट, आणि प्रोग्राम फाइल वाचण्याऐवजी कीबोर्डची वाट बघत बसतो. चूक नाही, संदेश नाही, नुसता थांबलेला कर्सर. हाच तो चौथा आजार.

फंक्शन काढणं किंवा त्याचे आर्ग्युमेंट बदलणं मोडतं हे सगळ्यांना माहीत असतं. लक्षात न येणाऱ्या गोष्टी वेगळ्या: एनममध्ये मधेच नवं मूल्य घालणं, हेडरमधला मॅक्रो किंवा इनलाइन फंक्शन बदलणं (जुनं रूप प्रोग्राममध्ये कोरलं गेलेलं असतं), एखाद्या टाइपची रुंदी बदलणं. सी++ मध्ये यादी लांबते. क्लासमध्ये व्हर्च्युअल फंक्शन मधे घातलं की व्हीटेबलमधल्या (अशा फंक्शनांच्या पत्त्यांच्या यादीतल्या) जागा सरकतात आणि प्रोग्राम एका फंक्शनऐवजी दुसरंच बोलावतो.

बचाव सुरुवातीलाच करावा लागतो. स्ट्रक्टची व्याख्या हेडरमध्ये देऊच नका. फक्त पॉइंटर द्या, आणि बनवायचं व मोडायचं काम लायब्ररीच्या फंक्शनांकडे ठेवा. सी++ मध्ये हाच विचार खासगी डेटाच्या वेगळ्या पॉइंटरने होतो. क्यूटी या सी++ लायब्ररीने तो वर्षानुवर्षं शिस्तीने पाळलाय. शिवाय 'एफव्हिजिबिलिटी हिडन' वापरून जे जाहीर करायचंय तेवढेच सिम्बॉल बाहेर ठेवा. बाहेर दिसणारं प्रत्येक नाव कोणीतरी वापरतंच, तुम्ही ते दस्तऐवजात लिहिलं असो वा नसो.

पायरी 8: आकडा कधी वाढवायचा

लिंक करताना एसओनेम द्यायला विसरू नका, नाहीतर प्रोग्रामच्या नीडेडमध्ये भलतंच नाव जाऊन बसतं. सुसंगती मोडणारा बदल झाला की एसओनेमचा आकडा वाढवा. बाकी कशासाठीही वाढवू नका. प्रकल्पाची आवृत्ती 4.0 झाली म्हणून एसओनेम 4 करणाऱ्यांना त्याचा त्रास होत नाही, तो अवलंबून असलेल्या सगळ्यांना होतो.

लिबटूल हे लायब्ररी बांधायचं साधन वापरणाऱ्यांसाठी इथे एक जुना खड्डा आहे. 'व्हर्जन इन्फो' ला तीन आकडे लागतात: करंट, रिव्हिजन, एज. नुसता आतला कोड बदलला तर रिव्हिजन एकने वाढवा. इंटरफेस बदलला तर करंट वाढवा आणि रिव्हिजन शून्य करा. बदल म्हणजे निव्वळ भर असेल तर एजही वाढवा. काही काढलं किंवा मोडलं असेल तर एज शून्य. लिनक्सवर एसओनेमचा आकडा येतो करंट वजा एज. म्हणून 5:0:2 दिलंत तर फाइल तयार होते .एसओ.3.2.0. इथे प्रकल्पाचा आवृत्ती क्रमांक टाकला की निकाल अगम्य येतो, आणि तो टाकणारे अजूनही भेटतात.

नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्यापूर्वी जुनी आणि नवी फाइल एबीआयडिफला द्या. लिबअबिगेल प्रकल्पाचं हे साधन डीबग माहिती वाचून स्ट्रक्टचा आकार कुठे बदलला, कुठलं फंक्शन गेलं ते सांगतं. डीबग माहितीसह बांधलेल्या फाइली दिल्या नाहीत तर त्याला फक्त सिम्बॉलांची नावं दिसतात, आणि वरचा 8 चा 12 झालेला स्ट्रक्ट त्याच्या नजरेतून सुटतो. ही तपासणी आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत घाला. माणसाच्या नजरेवर सोडू नका.

पायरी 9: सिम्बॉल आवृत्त्या, म्हणजे एसओनेम न बदलता बदलणं

जीलिबसीचा एसओनेम लिबसी.एसओ.6 कित्येक वर्षं तोच आहे, कारण 2.1 पासून तिथे प्रत्येक सिम्बॉलला आवृत्ती असते. कल्पना मुळात सोलारिस या युनिक्सची. एकाच नावाच्या फंक्शनची दोन रूपं एकाच फाइलमध्ये राहतात: जुन्या प्रोग्रामना जुनं, नव्याने बांधणाऱ्यांना नवं.

मेमसीपीवाय या मेमरीतल्या मजकुराची नक्कल करणाऱ्या फंक्शनचा किस्सा यासाठी उत्तम. 2010 साली फेडोरा 14 मध्ये 64-बिट मशीनवरच्या मेमसीपीवायचा नवा, वेगवान प्रकार आला, जो काही प्रोसेसरांवर मागून पुढे नक्कल करायचा. नियमानुसार मेमसीपीवायला एकमेकांवर चढलेल्या जागा द्यायच्याच नसतात. अडोबी फ्लॅश त्या देत होता; आधीच्या प्रकारात ते खपून जायचं. आता आवाज चिरकू लागला. चूक कोणाची यावर मोठा वाद झाला, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सही त्यात उतरले. शेवटी 2.14 मध्ये मेमसीपीवायला नवी आवृत्ती मिळाली, आणि जुन्या शिक्क्याखाली मागणाऱ्यांना मेममूव्हसारखं सुरक्षित रूप दिलं गेलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. नियम फ्लॅशने मोडला होता, पण भुर्दंड वापरणाऱ्याला बसत होता.

तुमच्या लायब्ररीत हे करायचं तर लिंकरला व्हर्जन स्क्रिप्ट द्या: मोजणी_1.0 या गटात जाहीर फंक्शनांची नावं, आणि 'लोकल' खाली तारांकन, म्हणजे बाकी सगळं आत. पुढच्या आवृत्तीत नवी फंक्शनं मोजणी_1.1 या गटात, जो 1.0 वर उभा आहे. एकदा प्रसिद्ध केलेल्या गटात नंतर काही घालायचं नाही. पहिल्याच आवृत्तीपासून हे ठेवलंत तर पायरी 5 मधला दुसरा, प्रामाणिक संदेश तुमच्या वापरकर्त्यांना मिळेल.

सी++ मध्ये असा समंजसपणा दिसला तो जीसीसी 5 मध्ये, 2015 साली. सी++11 च्या नियमांमुळे स्ट्रिंग आणि लिस्ट यांची अंतर्गत रचना बदलणं भाग होतं. लिबएसटीडीसी++.एसओ.6 हा एसओनेम मात्र तसाच ठेवला, आणि नवी रूपं वेगळ्या नावांनी शेजारी बसवली. लिंक करताना 'सीएक्सएक्स11' असलेला सिम्बॉल सापडत नाही अशी तक्रार आली, तर बांधलेल्या दोन भागांपैकी एक जुन्या रचनेवर आहे असं समजा.

पायरी 10: जुन्या मशीनवर चालेल असं बांधणं

जीलिबसीची हमी एकाच दिशेने आहे: जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट नाही. ऑगस्ट 2021 च्या 2.34 मध्ये लिबपीथ्रेडसारख्या लायब्ररी मुख्य लिबसीत विलीन झाल्या आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या सिम्बॉललाही नवी आवृत्ती मिळाली. परिणाम असा, की 2.34 किंवा पुढच्या जीलिबसीवर नेहमीच्या पद्धतीने बांधलेला अगदी रिकामा मेन असलेला प्रोग्रामही त्याआधीच्या जीलिबसीवर सुरू होत नाही.

एकेका सिम्बॉलला जुना शिक्का लावायच्या युक्त्या आहेत, पण त्या नादी लागू नका. ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर प्रोग्राम चालायला हवा, तिच्या कंटेनरमध्ये बांधा. पायथनच्या जगाने हेच ठरवून टाकलं: मेनीलिनक्स2014 ची चाकं (व्हील, म्हणजे पायथनची तयार पॅकेजेस) सेंटओएस 7 च्या पायावर, म्हणजे जीलिबसी 2.17 वर बांधतात. बांधून झाल्यावर पायरी 2 मधली ऑब्जडंपची तपासणी करून सर्वांत मोठा शिक्का बघा.

पायरी 11: अख्ख्या सिस्टिमचं स्थलांतर

कधीकधी बदल टाळताच येत नाही. 19 जानेवारी 2038 ला 32-बिट टाइम_टी (वेळ साठवणारा सी भाषेतला टाइप) भरून वाहणार, म्हणून तो 64-बिट करायचा. ओपनबीएसडीने 2014 च्या 5.5 मध्ये तो सरळ बदलला. आवृत्त्यांमध्ये बायनरी सुसंगती ठेवण्याचा त्यांचा आग्रहच नसतो. डेबियनने 2024 मध्ये केला तेव्हा वाट वेगळी घ्यावी लागली. लायब्ररींच्या मूळ लेखकांचे एसओनेम बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून एसओनेम तसेच ठेवून पॅकेजच्या नावांना टी64 जोडलं. उबुंटू 24.04 मध्ये दिसणारं लिबएसएसएल3टी64 हे त्याचंच फळ. जुनं आणि नवं पॅकेज एकाच वेळी बसू शकत नाही, त्यामुळे मिसळ होण्याआधीच पॅकेज मॅनेजर अडवतो.

स्वतःच्या सिस्टिमवर असं स्थलांतर करताना खालून वर जा. आधी लायब्ररी, मग तिच्यावर अवलंबून असलेल्या लायब्ररी, मग प्रोग्राम. अवलंबून कोण आहे ती यादी पॅकेज मॅनेजरकडून घ्या, पण /ऑप्ट आणि /यूएसआर/लोकल मधल्या हाताने बसवलेल्या फाइली त्याला माहीत नसतात. तिथल्या प्रत्येक एल्फ (लिनक्सवरच्या प्रोग्रामच्या आणि लायब्ररीच्या) फाइलवर रीडएल्फ फिरवून जुना एसओनेम शोधा. प्लगइन तर कोणाच्याच नीडेड यादीत नसतात, कारण प्रोग्राम ते चालू असताना डीएलओपनने उघडतो.

जुनी लायब्ररी काढण्याची घाई नको. फ्रीबीएसडीवर सोर्समधून अपग्रेड करताना जुन्या फाइली काढणं आणि जुन्या लायब्ररी काढणं या दोन वेगळ्या आज्ञा आहेत: 'मेक डिलीट-ओल्ड' लगेच, आणि 'मेक डिलीट-ओल्ड-लिब्स' सगळे पोर्ट (मूळ सिस्टिमबाहेरचे बसवलेले प्रोग्राम) पुन्हा बांधून झाल्यावरच. लिनक्सवरही तोच क्रम पाळा. सगळं बांधून झालं की मशीन एकदा रीस्टार्ट करा, /प्रॉक मधल्या मॅप्समध्ये जुना एसओनेम कोणाकडे शिल्लक आहे का बघा, आणि जुनी फाइल पुसण्याऐवजी काही दिवस लायब्ररीच्या फोल्डरबाहेर हलवून ठेवा. महिन्यातून एकदाच चालणारा एखादा क्रॉन जॉब तेवढ्यात ओरडलाच, तर ती परत जागेवर आणून एलडीकॉन्फिग चालवणं एका मिनिटाचं काम आहे.